तुम्ही विचारलंत म्हणून: कौन्सिल आईचं घर घेतं का?

मंडळाचा गणपती असो, कुणाची मुंज असो, मला हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक वेळा आवाज खाली करून येतो. "तू कौन्सिलमध्ये आहेस ना? आईला आता एकटीला आंघोळ झेपत नाही. पण केअरर मागवला तर कौन्सिल घर घेतं म्हणे, खरं का गं?" इंग्लंडमधल्या एका कौन्सिलात, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेत, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांकडून देखभालीचे किती पैसे घ्यायचे ते ठरवणाऱ्या विभागात मी काम करते. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते.

केअरर, म्हणजे देखभालीला येणारा माणूस, घरी येणार असेल तर आई ज्या घरात राहते ते घर हिशेबात धरतच नाहीत. मग ते सेमी-डिटॅच्ड असो की महाल. हे ऐकलं की लोकांच्या जिवात जीव येतो आणि पुढचं कुणी ऐकत नाही. मुद्द्याचं तर सगळं पुढेच आहे.

आधी, पैसे मुळात का मागतात? "एनएचएस फुकट आहे ना?" आहे. पण ५ जुलै १९४८ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्टही लागू झाला आणि वाटणी झाली. दुखणं एनएचएसकडे, म्हणजे फुकट. देखभाल कौन्सिलकडे, म्हणजे ऐपत बघून. त्यामुळे कॅन्सरच्या औषधाला पैसे पडत नाहीत, पण डिमेन्शिया झालेल्या बाईला कपडे घालायला येणाऱ्या माणसाचे बहुतेक वेळा पडतात. मला हे आजही पटत नाही, पण माझ्या पटण्यावर फॉर्म चालत नाही. हल्लीचा कायदा २०१४चा केअर ॲक्ट. त्यात कौन्सिल पैसे 'आकारू शकतं' असं आहे, आकारलेच पाहिजेत असं नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलमने एप्रिल २०१५पासून घरच्या देखभालीचे पैसे घेणं बंद केलं. स्कॉटलंडमध्ये पासष्टीनंतरची वैयक्तिक देखभाल २००२पासूनच मोफत आहे, वेल्समध्ये आठवड्याला १०० पौंडांची कमाल मर्यादा आहे. बाकी इंग्लंडात बहुतेक ठिकाणी हिशेब होतो. (हॅमरस्मिथमधली घरभाडी बघितलीत तर तिकडे राहायला जायचा विचार आपोआप सुटेल.)

हिशेब कसा होतो ते एका आजींवरून सांगते. आजी काल्पनिक, आकडे २०२५-२६चे. स्टेट पेन्शन १७६.४५ पौंड, कारखान्याची जुनी पेन्शन ६०, अटेन्डन्स अलाऊन्स (देखभाल लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मिळणारा सरकारी भत्ता) ७३.९०, सगळं आठवड्याला. बँकेत १५,००० पौंड. १४,२५०पर्यंतची शिल्लक सोडून देतात. त्यावरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे एक पौंड उत्पन्न मानतात, म्हणजे इथे तीन. एकूण ३१३.३५. यातले २३२.६० पौंड आजींच्या हातात राहिलेच पाहिजेत, हा कायद्याचा किमान हिस्सा. उरले ८०.७५. आजारपणामुळे होणारा जादा खर्च समजा १८.७५ मान्य झाला, तर आजींनी आठवड्याला ६२ पौंड द्यायचे. रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास केअररचा खर्च याच्या कितीतरी वर जातो, तो वरचा कौन्सिल भरतं. शिल्लक २३,२५०च्या वर असती तर सगळा खर्च आजींचाच. या दोन्ही मर्यादा २०१०पासून जागच्या हललेल्या नाहीत. तेव्हापासून ब्रेडपासून विजेपर्यंत काय काय वाढलं ते तुम्ही जाणता.

मुलाचा पगार यात कुठेही नाही. सुनेचाही नाही. हे सांगितलं की आपल्या घरांतून मला अविश्वासाने बघतात. फॉर्म एकट्या माणसाचा आहे: तिची पेन्शन, तिची शिल्लक, तिचा खर्च. आपल्याकडे मात्र 'तिचं' असं वेगळं काही ठेवण्याची पद्धतच नसते. आईची पेन्शन मुलाबरोबरच्या जॉइंट खात्यात जाते, त्यातून मॉर्गेज जातं, त्यातूनच नातीच्या भरतनाट्यमची फी. "सगळं एकच आहे हो आमचं," मुलगा म्हणतो. कौन्सिल म्हणतं, ठीक, मग निम्मं खातं आईचं. वेगळं असेल तर कागद दाखवा.

त्यातून सर्वांत जास्त नुकसान जादा खर्चाच्या रकान्यात होतं. मराठी घरी गेले की हे नेहमी घडतं. डायनिंग टेबलावर चहा आणि चिवडा, मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला, आई कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल घेऊन. मी विचारते, "आजी, तब्येतीपायी काही जादा खर्च होतो का?" आजी हात झटकतात. "छे गं, मला काय लागतंय! दोन घास आणि एक गोळी." मी रकान्यात शून्य लिहू शकते, माझं काम लवकर होईल. पण खोलीत मे महिन्यातही हीटर चालू असतो. वॉशिंग मशिनमध्ये चादरी फिरत असतात, आणि सून स्वयंपाकघरातून सांगते की रोज रात्री एक तरी बदलावी लागते. पॅड एनएचएसकडून मिळतात ते पुरत नाहीत, वरचे विकत. नखं कापायला बाई येते, तिचे पैसे. या प्रत्येक गोष्टीचा आकडा कौन्सिल आकारातून वजा करू शकतं. काय मान्य होईल हे कौन्सिलागणिक वेगळं, पण सांगितलंच नाही तर काहीच मान्य होत नाही. पावत्या ठेवा. आणि आजींना खर्च विचारायचा असेल तर सुनेला विचारा.

आता सोनं. मंगळसूत्र, पाटल्या, मोहनमाळ या वैयक्तिक चीजवस्तू. त्या धरत नाहीत. आकार चुकवायच्या हेतूने पैसे त्यात गुंतवले असतील तरच प्रश्न येतो.

कोथरूडचा फ्लॅट मात्र धरतात. इथे लोक अक्षरशः खुर्चीत सरळ बसतात. आई राहते ते लंडनमधल्या हॅरोचं घर सुटतं आणि पुण्यातला कुलूप लावलेला वन बीएचके अडकतो, कारण त्यात ती राहत नाही. परदेशातली मालमत्ताही तिची मालमत्ताच. पैसे इकडे आणता येत असतील तर तिथली बाजारभावाची किंमत घेतात, विकायला खर्च येणार असेल तर त्यातून दहा टक्के वजा होतात. पुण्यातला कुठलाही फ्लॅट २३,२५० पौंडांच्या वर जाणार हे उघड आहे, म्हणजे पूर्ण खर्च आईचा. गावची जमीन वेगळं प्रकरण. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची डझनभर नावं असली की आईच्या अविभक्त हिश्श्याला खरोखर कोण गिऱ्हाईक आणि किती देईल, हे बघावं लागतं. कधी ती किंमत नगण्य निघते. पण ते कागदांनी दाखवायचं असतं, "ती जमीन काय कामाची" म्हणून भागत नाही.

यावर लगेच पुढचा प्रश्न: "मग फ्लॅट मुलाच्या नावावर करू का? सात वर्षं झाली की सुटतं ना?" ती सात वर्षं वारसा कराची आहेत. केअरच्या आकाराला अशी मुदत नाही. देताना देखभालीची गरज दिसत होती का, आकार टाळणं हे देण्याचं एक ठळक कारण होतं का, एवढं बघतात. तसं ठरलं तर फ्लॅट अजून आईकडेच आहे असं मानून हिशेब करतात, आणि ज्याला दिला त्याच्याकडूनही फरक वसूल करता येतो. सुनेच्या बाळंतपणात हौसेने दिलेली रक्कम आणि केअरर सुरू व्हायच्या आदल्या महिन्यात केलेलं बक्षीसपत्र यातला फरक आम्हाला कळतो.

घर 'घेतात' ही गोष्ट येते ती केअर होममधून, म्हणजे देखभालीसाठी राहायला जातात त्या संस्थांमधून. तिथे कायमचं राहायला गेलं की पहिले बारा आठवडे घर धरत नाहीत, नंतर धरतात. नवरा-बायकोपैकी दुसरं त्या घरात राहत असेल किंवा साठीपुढचा नातलग राहत असेल तर तेव्हाही नाही. आईसोबत तिथेच राहणारा पंचेचाळिशीचा धडधाकट मुलगा या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी कौन्सिलच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं. आपल्या घरांना हे सगळ्यात लागतं. त्यातही जबरदस्तीने विक्री नसते. घरावर बोजा ठेवून पैसे मागाहून देण्याचा करार मागता येतो.

आणि "कमाल मर्यादा येणार होती ना, तोवर थांबू का?" थांबू नका. आयुष्यभराच्या खर्चाला ७२,००० पौंडांची मर्यादा २०१६ला यायची होती, पुढे ढकलली, मग सोडली. नंतर ८६,०००ची ठरली, २०२३ची २०२५ झाली आणि जुलै २०२४ला तीही रद्द झाली. आता देखभालीच्या व्यवस्थेवर लुईस केसी यांचा सरकारी आयोग बसलाय, त्याचा अंतिम अहवाल २०२८पर्यंत यायचा आहे. आईची आंघोळ उद्या सकाळी आहे. कौन्सिलला फोन करून गरजेची तपासणी मागा, ती मोफत असते. हॉस्पिटलातून आल्यावर पुन्हा उभं राहण्यासाठी दिलेली मदत सहा आठवड्यांपर्यंत फुकट असते, ती नाकारू नका. अटेन्डन्स अलाऊन्सचा अर्ज आजच मागवा. तो ऐपत बघून देत नाहीत, कोथरूडचा फ्लॅट असला तरी मिळतो.