पगाराच्या आधीचा कागद

बुधवार, रात्री

थोरलीने तो कागद तांदळाच्या डब्याखाली घातला होता. दप्तरात धाकट्याने उचकला असता, कपाटात ह्यांच्या हाती लागला असता. तांदळाचा डबा रेशन येईपर्यंत कुणी हलवत नाही हे तिला पक्कं माहीत. रेशन ह्या वेळी लवकर आलं एवढंच.

शाळेत तपासणी झाली होती. हिमोग्लोबिन ९.६. खाली छापील मजकूर : मुलीस सकस आहार द्यावा, सफरचंद, डाळिंब, बीट, खजूर, बदाम, दूध, पालेभाज्या. पालकाच्या सहीची जागा कोरी.

लपवलास का म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "लपवला कुठं? शनवारी पगार झाल्यावर दावणार होतो की."

तेव्हापासून हे एक वाक्य डोक्यातून जात नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना तेच, भाकरी थापताना तेच. तेरा वर्षांची पोर. रक्त कमी आहे हे स्वतःच्या अंगातलं, आणि ते सांगायलासुद्धा ती पगाराची वाट बघते. गेल्या आठवड्यात सूत नव्हतं म्हणून माग दोन दिवस बंद होते, ह्यांच्या हातात पगार कमी पडला, त्यातून उचल कापली गेली. हे सगळं मी आणि हे दाराबाहेर, हळू आवाजात बोललो होतो. ती आत अभ्यास करत होती. मला वाटलं होतं अभ्यास करतेय.

इचलकरंजीत राहून आठवड्याचा हिशोब कुणाला चुकलाय? पगारच आठवड्याचा. महिन्याला पगार घेणाऱ्यांचा महिना शेवटी ओढावा लागतो, आमचा दर आठवड्याला. घरभाडं, लाईटबिल, बचत गटाचा हप्ता बाजूला काढला की खाण्यापिण्याला पंधराशेच्या आतबाहेर राहतात, माग बंद पडले की हजार-अकराशे. पाच माणसं. रेशनचा गहू-तांदूळ माणशी पाच किलो फुकट मिळतो म्हणून निभतं, नाहीतर ह्या पैशात धान्यच आलं असतं. त्यातून तेल, तूरडाळ, अर्धा लिटर दूध रोज, शेंगदाणे, एखादं कडधान्य, ज्वारी, भाजी, चहा-साखर, रविवारची कोंबडी. मी कुठे कमी पडू दिलं नव्हतं असं मला वाटत होतं. मोड आलेली मटकी आठवड्यातून दोनदा तरी असतेच. हरभऱ्याची उसळ असते. आमटीत डाळ दिसते, नुसतं पाणी नसतं.

आणि तरी ९.६.

खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मला पोरीची काळजी नंतर वाटली, आधी त्या छापील ओळीचा राग आला. बदाम लिहिणाऱ्याने कधी पंधराशेत पाच माणसं जेवू घातलीत का? सफरचंद दोनशे रुपये किलो. एका किलोत चार, फार तर पाच. म्हणजे एक सफरचंद चाळीस रुपयांचं, आणि तेवढ्यात पाव किलोच्या वर तूरडाळ येते. मी उशीत तोंड घालून रडले. रडताना आवाज होऊ नये म्हणून जपलं, कारण आता मला कळलंय की आमच्या घरात भिंतीपलीकडे काय चाललंय ते कुणाला तरी ऐकू येत असतं.

ती काय काय ऐकत आली असेल? मटणाच्या दुकानापुढून जाताना ती मुद्दाम रस्ता ओलांडते ते का? धाकट्याने दूध मागितलं की ही "मला आवडत न्हाई" म्हणते, ते कधीपासून? लहानपणी तर साय चाटायची. मागचं सगळं उकरून बघावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली, तेव्हाही तिने... जाऊ दे.

मंगळवारी गल्लीत येणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताईंना गाठलं. त्या बोलल्या ते नीट लिहून ठेवते, कारण ऐकताना अर्धं लक्ष नव्हतं.

पहिलं म्हणजे ह्या वयाच्या मुलीला १२ लागतं, त्यामुळे ९.६ नुसत्या खाण्याने भरून निघणार नाही. सरकारी दवाखान्यात दाखवून गोळ्या सुरू करायच्या. शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची निळी गोळी ही पोरगी आणि तिच्या मैत्रिणी खिडकीतून टाकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर. जंताची गोळीही चुकवायची नाही. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब, कारण चहातला तुरटपणा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आमच्याकडे सकाळी काय असतं? चहा-चपाती. अख्ख्या गल्लीत चहा-चपातीच असते.

दुसरं ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मोबाईलवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते काढून दाखवले. सफरचंदात लोह जवळजवळ नाहीच. डाळिंबातही नावाला. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं सगळे म्हणतात, पण शंभर ग्रॅम बीटात ते एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि तेवढ्याच हरभऱ्यात, मटकीत सहा-सात मिलिग्रॅमच्या वर. बाजरीत सहाच्या आसपास. सोयाबीनमध्ये, अळिवात भरपूर. आपल्या डब्यातलं धान्यच त्या फळांना भारी आहे. मात्र कडधान्यातलं लोह अंगी लागायला अवघड, म्हणून त्यावर लिंबू पिळायचं, पेरू, आवळा, टोमॅटो काहीतरी आंबट सोबत हवं. मटणा-कलेजीतलं लोह त्याहून सहज लागू होतं.

म्हणजे मी रात्रभर ज्या सफरचंदासाठी रडले त्याचा तिच्या रक्ताशी फारसा संबंधच नव्हता. हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण राग दुप्पट झाला. तो कागद घरोघर गेला असेल. कुणीतरी त्यासाठी उसने पैसे काढून डाळिंबं आणली असतील.

आशाताई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चौपन्न बायकांना रक्त कमी निघालंय. त्यांनी धीर द्यायला सांगितलं हे कळतं. पण शंभरात चौपन्न ऐकून मला माझी एक कशी विसरता येईल?

तांदळाचं मात्र लिहायलाच हवं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रेशनचा तांदूळ निवडायला बसतात तेव्हा सुपातून काही दाणे वेचून बाहेर टाकतात. जरा वेगळे दिसतात, पाण्यात टाकले तर तरंगतात. "प्लास्टिकचा हाय बाई, पोरांच्या पोटात नको." गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या हेच करतात. आशाताईंनी सांगितलं की ते दाणे मुद्दाम मिसळत आलेत, तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घालून दाण्याच्या आकारात काढलेलं, शंभर दाण्यांत एक. नातीला जपायचं म्हणून आत्ती दर महिन्याला दुपारभर डोळे फोडून नेमकं तेच वेचत होत्या. घरी येऊन सांगितलं तर त्या गप्पच झाल्या. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं का मग आम्हाला? पोत्यावर लिवलंय ते कुणाला वाचता येतंय?" त्यांचं खरं आहे. तांदूळ दिला, तो काय आहे हे समजावायला कुणी आलं नाही. संध्याकाळी बघितलं तर शेजारच्या आजींच्या सुपापुढे बसून त्या जोरात सांगत होत्या, टाकू नका, त्यात रक्ताचं औषध हाय.

पालेभाजीचंही असंच. सगळे म्हणतात पालेभाजी खा, स्वस्त असते. आमच्याकडे नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. ह्या पावसात पोकळ्याच्या जुडीला निम्मा चिखल, तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कढईत घालता येत नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी मी पालेभाजी घेत नाही, घेऊ शकत नाही. त्या दिवशी कडधान्य. हे कुठल्या तक्त्यात येणार?

आज संध्याकाळी मी थोरलीला समोर बसवलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, की तू लहान आहेस, पैशाचं आम्ही बघू, तू नुसतं खायचं. बोलायला लागले तर घसा दाटला. तिने माझ्याकडे बघितलं आणि जुन्या वहीचं पान काढून ठेवलं पुढ्यात. सगळं लिहिलेलं. आठवड्याचा आमचा सगळा बाजार, भावासकट, कुठे किती जातं ते. खारी आणि टोस्ट आठवड्याला सत्तर, तिने त्यावर काट मारलेली. शेवेच्या, कुरकुऱ्यांच्या पुड्या पन्नास, त्यावरही काट. दुपारचा चहा एक वेळ कमी. समोर लिहिलेलं : अंडी बारा, शेंगदाणे पाव किलो जास्त, लिंबू.

"सोळाची बचत होतीया," म्हणाली. "लिंबं महाग झाली तर दहा."

मी बघत राहिले. हिशोब बरोबर होता. माझ्यापेक्षा बरोबर होता, कारण पुड्यांचे पन्नास मी कधी धरलेच नव्हते, ते धाकटा माझ्याकडून सुट्टे म्हणून नेतो. अंड्यांचं तिने शाळेवरून काढलं. शाळेत आठवड्याला एक अंडं मिळायचं तेव्हा ती खायची आवडीने, मग २०२५ च्या जानेवारीत त्याचे सरकारी पैसे थांबले, लोकवर्गणीतून द्यायचं ठरलं, आणि तिच्या शाळेत ते बंदच झालं. घरी तिने कधी मागितलं नव्हतं. पानावर मात्र लिहिलं होतं.

माझ्या पोरीला हा हिशोब यायला नको होता. अजूनही असंच वाटतं, हे लिहितानाही. मैत्रिणींच्या ओढण्यांचे रंग आठवावेत ह्या वयात, खारीचा भाव नाही. पण येतो तिला. आता तो तिच्या डोक्यातून काढून तर घेता येणार नाही. मग लपून करण्यापेक्षा माझ्याजवळ बसून करू दे. दर शनिवारी दोघींनी मिळून यादी करायची असं ठरवलं. एकच गोष्ट मी तिच्याकडून कबूल करून घेतली, की तिच्या वाट्याचं ती काटणार नाही. तिने मान डोलावली, पण पटकन नाही डोलावली. त्या थोड्या वेळाबद्दल मी पुन्हा विचार करणार, मला माहीत आहे.

हे घरी आल्यावर पान त्यांच्यापुढे ठेवलं. बराच वेळ वाचलं. गुटख्याचे पैसे त्यात नव्हते. तिने ते लिहिले नव्हते आणि मीही बोलले नाही. त्यांनी स्वतःच पेन मागितला, खाली एक आकडा लिहिला आणि जेवायला बसले. बघू.

रविवारच्या कोंबडीवरून मात्र एकमत नाही. थोरलीचं म्हणणं, अर्धा किलो कोंबडीऐवजी कलेजी आणू, निम्म्याहून कमी पैशात येते आणि रक्तालाही ती चांगली. धाकटा कलेजी तोंडात घालत नाही. ह्यांना चालते, पण रस्सा पाहिजे. मी म्हटलं रस्सा करीन की, कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून, वास आला की धाकटासुद्धा येईल ताटावर.

तेवढ्यात आत्तींनी आठवण केली, श्रावण लागतोय. आमच्याकडे श्रावणात अंडंसुद्धा घरात येत नाही. आत्ती लग्न होऊन आल्यापासून पाळतात. म्हणजे बारा अंडी आणि कलेजी, यादीतल्या दोन्ही गोष्टी महिनाभर बाद. थोरलीने पान परत ओढून घेतलं. मी अळीव सुचवले, खिरीत घालू, नाहीतर गूळ-खोबऱ्याचे लाडू करू. आत्ती म्हणाल्या, अळीव बाळंतिणीला देतात, पोरीला उष्ण पडतील. मी म्हटलं आशाताईंना विचारते. मग त्याच म्हणाल्या, "पोरीपुरतं अंडं बाहेर उकडून देता येईल का कुठं? शेजारी? माझ्या चुलीवर नको, पण तिने खाल्लं तर मी काय बघायला जाते का."

शेजारणीला उद्या विचारायचं आहे. सरकारी दवाखान्यात सकाळी नऊच्या आत पोचलं तरच नंबर लागतो, म्हणजे खाडा. कांडीचे निम्मे पैसे जातील. थोरलीने ते पानावर आधीच मांडून ठेवलेत.