आंबट कुठंय?

घरी सोलापूरला फोन केला की किंवा इथल्या मराठी मंडळींत बसलं की एक प्रश्न हमखास येतो : "तो काळसर जर्मन ब्रेड तुला घरी जमतो कसा? आमचा आतून चिकटच राहतो." तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

माझाही तसाच व्हायचा. जर्मनीत न्युरेंबर्गला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी रायचं पीठ (राय हे इथलं धान्य, आपली मोहरी नव्हे) कणकेसारखं वीस मिनिटं तिंबलं आणि विकतचं यीस्ट घालून भाजलं. वरून ब्रेड देखणा. कापायला घेतला तर सुरीला लगदा चिकटून आला. शेजारच्या आजींनी एक तुकडा चिमटीत दाबून पाहिला आणि एवढंच विचारलं, "आंबट कुठंय?"

सगळी मेख तिथेच आहे. गव्हाचा पाव ग्लुटेनच्या, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाच्या, जाळ्यावर उभा राहतो. रायमध्ये ते जाळं धड तयारच होत नाही. पाणी धरून ठेवतात ते पेंटोसान, म्हणजे रायमधले चिकट तंतुमय पदार्थ. त्यात रायमधली एन्झाइम्स मोठी खटपटी. ब्रेड ओव्हनमध्ये तापायला लागला की ती स्टार्च फोडत सुटतात आणि आत गिच्च गोळा होतो. पीठ आंबलेलं असेल तरच ती आवरतात. साउअरटाइग, म्हणजे आंबवलेलं पीठ, नुसतं फुगण्यासाठी नसतं ते यासाठी.

माझं माप असं. रात्री 200 ग्रॅम रायचं पीठ, 200 ग्रॅम कोमट पाणी आणि 20 ग्रॅम आधीचं विरजण कालवून उबेला ठेवायचं. सकाळी हिरव्या सफरचंदासारखा वास सुटतो. त्यातलं चमचाभर पुढच्या वेळेसाठी काढून फ्रीजमध्ये टाकायचं. बाकीच्यात 150 ग्रॅम राय, 150 ग्रॅम गहू, 160 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ. पुडीवर रायसाठी 1150 आणि गव्हासाठी 1050 हा आकडा बघा : 100 ग्रॅम पीठ जाळलं तर साधारण तितके मिलिग्रॅम राख उरते. आकडा मोठा तितका कोंडा जास्त.

तिंबायचं मात्र नाही. इथे मला भाकरीचा हात कामी आला. ज्वारीत तर ग्लुटेन नसतंच, म्हणून भाकरी लाटण्याऐवजी ओल्या तळव्याने थापतात. रायचा गोळाही तसाच ओल्या हाताने, न ओढता, न ताणता सावरायचा. तास-दीड तासाने वर बारीक भेगा दिसल्या की 250 अंशांवर दहा मिनिटं वाफेत, मग 200 वर पाऊण तास. बुडाला टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा.

आणि त्या दिवशी कापायचा नाही. ब्रेड आतून बसायला रात्र लागते. घरभर वास असताना थांबणं अवघड जातं, पण थांबाच.

त्या संध्याकाळची भूक आम्ही छोट्या पांढऱ्या पावांवर भागवतो. इथल्या फ्रांकोनियन बोलीत त्यांना वेग्गला म्हणतात, आणि 'द्राय इम वेग्गला' म्हणजे एका पावात तीन सॉसेज. न्युरेंबर्गची ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजायची सॉसेज, बोटाएवढीच असते, 7 ते 9 सेंटिमीटर, 20-25 ग्रॅमची. डुकराचं मांस, मेंढीच्या आतड्याचं पातळ वेष्टण आणि भरपूर मार्जोरम (ओव्याच्या पानासारखी एक सुगंधी वनस्पती). 2003 पासून युरोपीय कायद्याने हे नाव शहरात बनलेल्यांनाच लावता येतं. बाजारात ती बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर भाजतात. मी बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत. वर मोहरीचा सॉस, बास.

दुसऱ्या दिवशी रायचा ब्रेड निघतो. बोटभर जाड काप, त्यावर लोणी, लेबरवुर्स्टचा (काळीज घालून केलेल्या मऊ सॉसेजचा) जाड थर, व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या. ब्रेडचा आंबटपणा त्या चरबीला असा छेद देतो की नुसत्या पांढऱ्या पावावर ही लेबरवुर्स्ट मला आता खाववत नाही.

विरजण हवं असेल तर सांगा. बटर पेपरवर पातळ पसरून वाळवलं की त्याच्या पापड्या होतात, बरणीत महिनोन्‌महिने टिकतात. दिवाळीत येईन तेव्हा आणते.