दुरुस्तीची चौकट

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

आज पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून सकाळी प्रतिमेला हार घातला गेला आणि विश्वासार्हतेवर नेहमीची भाषणे झाली. दुपारी डेस्कवर बसलो आणि फोन आला.

रविवारच्या अंकात कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, बातमी मी लावली होती. प्रेसनोट दोन पानी, पान सोडायला वीस मिनिटे उरलेली, म्हणून ती एआयकडून आठ ओळींत करून घेतली. मूळ मजकुरात ‘सोमवारपासून आवर्तन सोडण्याचे प्रस्तावित असून अंतिम निर्णय बैठकीत होईल’ असे होते; आठ ओळींत ‘सोमवारपासून आवर्तन सुटणार’ एवढेच उरले, आणि भाषा इतकी सफाईदार होती की मूळ कागद पुन्हा पाहावा असे मला वाटलेच नाही. नवख्या वार्ताहराची कॉपी असती, तर ओळीओळीवर पेन टेकवले असते.

फोनवरचे गृहस्थ कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, गावचे होते. “साहेब, तुमचा पेपर वाचून उशिराच्या गव्हाला युरिया टाकून बसलो. पाटकरी म्हणतो, पाण्याचा पत्ता नाही. व्हॉट्सॲपवर आलं असतं, तर विश्वासच ठेवला नसता.”

शेवटचे वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा गेमिंग ॲपची जाहिरात करणारा बनावट व्हिडिओ फिरला, तेव्हा तो खोटा असल्याचे सांगायला स्वतः तेंडुलकर पुढे आला. ‘प्रस्तावित’ हा शब्द गळाला तर कोण पुढे येणार? बीबीसी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन यांनी २०२५ मध्ये बातम्यांविषयीची एआयची उत्तरे तपासली, तेव्हा ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला. हा आकडा मी स्वतः छापला होता, आणि तरीही!

संध्याकाळी दुरुस्तीची चौकट लिहायला घेतली. ठरलेल्या नमुन्यात ‘नजरचुकीने’ असा शब्द असतो. तो खोडला, कारण नजर टाकलीच नव्हती. सारांश एआयने केला होता आणि तो मूळ प्रेसनोटशी ताडून पाहिला गेला नाही, असे सरळ लिहिले. वृत्तसंपादकांना ते पटेना. अशाने लोक उरलेल्या बातम्यांवरही शंका घेतील, असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच चूक आहे असे मलाही म्हणवत नाही. मात्र शंका घेणाऱ्याला निदान आम्ही काय केले हे कळेल. बराच वेळ वाद झाला. अखेर ते वाक्य राहिले, आणि चौकट सहाव्या पानाच्या कोपऱ्यात न जाता, बातमी जिथे लागली होती त्याच पानावर लागली.

छपाईला पान गेल्यावर त्या गृहस्थांना फोन करून चौकट वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते ठीक आहे, पण पाणी कधी?”

पाटबंधारेच्या कार्यालयात फोन कोणी उचलला नाही. उद्या दहा वाजता स्वतः जायचे आहे.