मलप्रभेच्या काठाने : साखळी ते कूडलसंगम, तयारीची नोंद

यंदाच्या हिवाळ्यातली मोठी राइड किनाऱ्याने न्यायची की घाट चढून देशावर, यावर आमच्यात बरेच दिवस खल चालला होता. आता रस्ता पक्का झाला. तो नदीने ठरवून दिला म्हटलं तरी चालेल. मलप्रभा कर्नाटकात, चोर्ला घाटाच्या माथ्यावर कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. हा सुमारे ३०४ किलोमीटरचा प्रवाह जमेल तितका जवळून धरायचा, असं ठरलं आहे. मोटारसायकली दोन : एक माझी, एक मावसभावाची.

गोव्यातून बदामीला जाणारे बहुतेक जण पहाटे निघतात, चोर्ला चढून बेळगाव गाठतात आणि रात्रीपर्यंत बदामीत असतात. लेणी बघून होतात, पण मधला मुलूख हेल्मेटच्या काचेपलीकडून नुसता सरकून जातो. मला तो मधला मुलूखच बघायचा आहे. भात संपून ज्वारी कुठे सुरू होते, लाल माती काळी कुठे होते, कौलारू घर जाऊन धाब्याचं घर कधी दिसायला लागतं, हे नदीबरोबर गेलं की क्रमाने उलगडतं, कारण या सगळ्याच्या मुळाशी पाऊसच आहे.

दुसरं कारण आम्हा गोवेकरांच्या जिव्हाळ्याचं आहे. म्हादईचं, म्हणजे खाली मांडवी होणाऱ्या आमच्या नदीचं, पाणी वळवून कर्नाटकात मलप्रभेत न्यायचं, हा गोवा-कर्नाटक वाद आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतो. २०१८ साली लवादाचा निवाडा आला, तरी तो मिटलेला नाही. म्हादई आमची आई, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या शेतांसाठी हे पाणी मागतात ती शेतं मी एकदाही पाहिलेली नाहीत, आणि ती पाहिल्याशिवाय आपण या विषयावर बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

पावसाच्या शेवटाला कणकुंबीपर्यंत चाचणी फेरी झाली. केरीची कुळागरं (पोफळीच्या बागा) मागे पडली, अंजुणे धरणाचं पाणी खाली राहिलं, आणि सुर्ल्याच्या वर तर धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. माउलीच्या देवळापाशी नदीचा उगम मानतात. तिथे उभं राहिल्यावर जे ध्यानात येतं ते नकाशावर येत नाही : याच गावच्या हद्दीत कळसा नाला पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो आणि मलप्रभा पूर्वेला निघते. एकाच सरीतलं थोडं पाणी पणजीला मांडवीतून अरबी समुद्रात जाणार आणि थोडं कृष्णेतून पार बंगालच्या उपसागरात. मध्ये डोंगराची धार म्हणावी असंही काही नाही, पायांना जेमतेम जाणवेल एवढाच उंचवटा. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता टप्पे. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, हा एकच नियम. पहिला मुक्काम खानापूरला मावशीकडे. वाटेत जांबोटीजवळ हब्बनहट्टीचा मारुती आहे, नदीच्या पात्रातच, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. खानापूरपर्यंत मराठी चालते, भात पिकतं, जेवायला बसलं की घरासारखंच वाटतं. पुढे एम. के. हुबळीला पुणे-बंगळूर हायवे ओलांडायचा. तिथे मलप्रभेकाठी गंगांबिकेचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, आहे. ही बसवण्णांची, म्हणजे महात्मा बसवेश्वरांची, पत्नी, आणि बसवण्णांचं स्वतःचं ऐक्यस्थळ कूडलसंगमला, म्हणजे याच नदीच्या दुसऱ्या टोकाला. हे कळलं तेव्हाच अर्ध्यावरून परत फिरायचा पर्याय आम्ही यादीतून काढला.

बैलहोंगलपासून काळी माती. सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर आणि नविलतीर्थाचं धरण. तारखा ठरल्या त्या इथल्या जत्रेमुळे. मावशीला फोन केला तर तिचं पहिलं वाक्य : "बाबा, मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीला जाऊ नको हां. गाडी सोड, पाय ठेवायला जागा मिळायची नाही." बदामीजवळच्या बनशंकरीची जत्रा पौषी पुनवेची. म्हणून दोन्ही पौर्णिमांच्या मधला आठवडा धरला आहे. तेव्हा रब्बीची ज्वारी शेतात उभी असते, कापूस वेचणी चालू असते आणि रस्ते कोरडे असतात. काळ्या मातीच्या मुलखात कोरडा रस्ता ही चैन समजू नका. ती माती ओली झाली की मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं.

त्याच दिवसांत ऊसतोडणीही जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात. म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर. यात सवलत नाही.

रामदुर्गनंतर बदामी, आणि तिथून पुढे पट्टदकल आणि ऐहोळे. बदामीला दोन रात्री ठेवल्या आहेत. तिसऱ्या लेण्यातला इ.स. ५७८चा लेख सकाळच्या उजेडात बघायचा आहे. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मला तिथे नदीकडे तोंड करून बसायचं आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात हीच मलप्रभा त्या देवळांत शिरली होती. हिवाळ्यात तीच नदी तिथे रोडावलेली असते. पाण्याच्या भांडणाचा विचार करायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

बायकोने नकाशावर स्वतः पेन्सिलीने गुळेदगुड्डचं वळण घातलं आहे. खण तिथलाच, मागावर विणताना बघून घ्यायचा आणि तिला व सासूबाईंना आणायचा. वळण लहान आहे आणि मला मनापासून पटलं आहे. अमीनगडचं करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, तर ऐहोळेहून संगमाकडे जाताना वाटेवरच मिळेल.

गाडीची तयारी. क्लच केबल, चेन, ब्रेक शू नवीन घातले. माझ्या गाडीला तारांची चाकं, म्हणजे ट्यूब आलीच, आणि त्या मुलखात रस्त्याकडेला बाभळी. काटा भरला तर पुढचं गाव येईपर्यंत कोणी भेटेलच असं नाही. म्हणून अंगणात मागचं चाक खोलून बसवायचा सराव चालू आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच : हवा पूर्ण काढल्यावर टायरची कड वॉल्वच्या समोरच्या बाजूला पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवायची आणि लिव्हर वॉल्वजवळ घालायची. मग टायर हाताच्या जोराने सुटतो. कड खोलगट भागात उतरली नसेल तर लिव्हर वाकेल, पण टायर हलणार नाही. परत बसवताना उलट क्रम, शेवट वॉल्वपाशी, आणि वॉल्व आत ढकलून बघायचा, नाहीतर ट्यूब कडेखाली चिमटून नवं भोक पडतं. मावसभाऊ हे आता न बघता करतो. माझा हात अजून बसायचा आहे. एक जादा ट्यूब आणि पायाने मारायचा पंप बॅगेत गेले.

कागदपत्रं, पीयूसी, विमा झाले. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते, तेव्हा गोव्यातली बाटली सोबत नको, हे सोबत येणाऱ्या कोणालाही आधीच सांगून ठेवा.

परतीला बागलकोट, लोकापूर, यरगट्टी करून धारवाडकडे वळायचं आणि अळणावर, रामनगरमार्गे अनमोड उतरून मोल्याला यायचं, असा विचार आहे. एका घाटाने चढून दुसऱ्याने उतरलो की सह्याद्री दोन अंगांनी बघून होतो.

एक दुवा अजून जुळायचा आहे. सौंदत्ती ते रामदुर्ग मोठा रस्ता नदीपासून बराच लांबून जातो. नकाशात काठाच्या गावांना जोडणारे बारीक रस्ते दिसतात, पण मधल्या पुलांवरून मोटारसायकल जाते का आणि कुठे नुसता बंधाराच आहे, हे नकाशा सांगत नाही. त्या बाजूने कोणी गेलं असेल तर गावाच्या नावासकट कळवा. पुढच्या नोंदीत तो टप्पा पक्का करून टाकतो.