हे आपल्याकडं लागू होतं का रे?

शाळेचं नाव निघालं की मला आधी आमचे इतिहासाचे सर आठवतात, आणि त्यांचा तो एकच प्रश्न. इंग्रजांचा 1919 चा भारत सरकार कायदा शिकवताना त्यांनी राखीव खाती आणि सोपीव खाती फळ्यावर लिहिली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हे आपल्या मंत्र्यांकडं, पोलीस, महसूल आणि पैसा गव्हर्नरकडं. सर म्हणाले, पंगतीत वाढायला तुम्ही आणि कोठीची किल्ली मालकाच्या कमरेला, याला म्हणायचं द्विदल राज्यपद्धती! मग 1935 चा कायदा आला, प्रांतातलं द्विदल गेलं, विषयांच्या तीन याद्या झाल्या, संघाच्या 59, प्रांताच्या 54, सामाईक 36, आणि यादीत नसलेलं काही निघालंच तर कोणी कायदा करायचा ते व्हाइसरॉय ठरवणार. आम्ही सगळं पाठ केलं, कारण परीक्षेला हमखास यायचं.

तेवढ्यात सरांनी विचारलं, हे आपल्याकडं लागू होतं का रे? वर्ग गप्प.

सरांनी निळ्या खडूनं फळ्यावर वाकडीतिकडी पैनगंगा काढली. वर उमरखेड, खाली आपलं मराठवाड्यातलं हदगाव, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. उमरखेड म्हणजे वऱ्हाड, नावाला निजामाचं, त्याच्या थोरल्या पोराला 1936 पासून किताब पण प्रिन्स ऑफ बेरार, पण कारभार इंग्रजांचा, नागपूरहून, म्हणून तिथं 1937 ला निवडणूक झाली, मंत्रिमंडळ आलं. नदीच्या अलीकडं काय? सरांनी मोठा भोपळा काढला. 1935 च्या कायद्यातल्या प्रांत आणि संस्थानांच्या संघात यायचं का नाही हे संस्थानिकांच्या मर्जीवर होतं, ते पुरेसे आलेच नाहीत, संघ कागदावरच राहिला आणि 59 ची यादी संघाविनाच दिल्ली चालवत राहिली. आपल्याकडं तर 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आधीच बंदी!

मला वाटतं पुस्तकानं हे सांगायला पाहिजे होतं. मराठवाड्यातल्या पोरांनी मुंबई प्रांताचा इतिहास आपला समजून घोकायचा आणि आजोबा कोणाची रयत होते ते मात्र सरांनी पुस्तकाबाहेरून सांगायचं, हे काही बरोबर नाही. तीन याद्या आपल्या घटनेतही आहेत, सातव्या परिशिष्टात, सुरुवातीला 97, 66 आणि 47. शिक्षण 1976 ला राज्याच्या यादीतून सामाईक म्हणजे समवर्ती यादीत गेलं, हे सर दरवर्षी न चुकता सांगायचे.

आमच्या आज्यानं विधानसभेला पहिलं मत टाकलं ते थेट 1952 ला, तेही हैदराबादच्या. पण तेव्हा मत द्यायला सारा किती भरतो, शिकलाय का, असलं कोणी विचारत नव्हतं. 1937 ला उमरखेडवाल्यांना विचारलं होतं.