आमची वाटचाल: पिट्सबर्गजवळचं एक औषधांचं दुकान

आमच्या गावातल्या चौकातल्या एका इमारतीवर मी आल्यापासून तीन पाट्या लागल्या. पहिली थ्रिफ्ट ड्रगची. ही १९३५ पासूनची, पिट्सबर्गचीच औषध दुकानांची साखळी. ती जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-कंपनीच्या मालकीची होती. १९९७ च्या सुमारास पेनीने एकर्ड ही दुसरी औषध साखळी घेतली आणि थ्रिफ्टच्या जागी एकर्डची पाटी आली. २००४ मध्ये आमच्या भागातली एकर्डची दुकानं कॅनडातल्या क्यूबेकच्या ज्याँ कूतू या कंपनीकडे गेली आणि २००७ मध्ये राइट एडकडे. राइट एडही आमच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातली, १९६२ मध्ये स्क्रँटनला सुरू झालेली. तिने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, मे २०२५ मध्ये पुन्हा, आणि त्याच वर्षी तिचं शेवटचं दुकानही बंद झालं.

आमचं दुकान त्या चौकापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे.

पुण्यात बी.फार्म. करून मी इकडे आलो. परदेशी पदवीधरांची परीक्षा, इंटर्नशिप, राज्याचा परवाना हे सगळं झालं आणि मग काही वर्षं एका साखळीत रात्रपाळी केली. हे दुकान एका वयस्कर फार्मासिस्टचं होतं. निम्मी रक्कम त्यांनी हप्त्याने घ्यायचं कबूल केलं, म्हणून आम्हाला ते झेपलं. व्यवहार झाल्यावरही ते रोज सकाळी काउंटरपाशी येऊन बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाशी माझी नावानिशी ओळख करून देत. इथे औषधाचं दुकान विकलं जातं तेव्हा खरी किंमत प्रिस्क्रिप्शनच्या फाइलींची असते. पण फाइलींमागोमाग माणसं येतातच असं नाही. आमच्याकडे ती आली, ती त्या गृहस्थांमुळे. त्यांचं ऋण मी आजही मानतो.

राइट एड गिऱ्हाइकाअभावी बुडाली, असं मला वाटत नाही. एकामागून एक साखळ्या विकत घेताना चढलेलं कर्ज होतं, ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवरून झालेले खटले होते. आणि तिसरी गोष्ट आम्हा सगळ्यांच्याच मानगुटीवर आहे, ती म्हणजे पीबीएम. विमा कंपनी आणि दुकान यांच्यामधला हा मध्यस्थ. गोळीचे आम्हाला किती पैसे मिळायचे ते तोच ठरवतो. सर्वांत मोठ्या तीन पीबीएमकडून देशातली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं जातात आणि त्यांतली एक, केअरमार्क, २००७ पासून सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीची आहे. म्हणजे समोरच्या दुकानदाराच्याच घरातून आपला भाव ठरायचा. हे मला सरळ सरळ अन्यायाचं वाटतं.

२००६ मध्ये मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची औषध योजना, पार्ट डी, सुरू झाली तो काळ आमच्यासाठी सर्वांत कठीण होता. घाऊक व्यापाऱ्याचं बिल वेळच्या वेळी भरावं लागे आणि विम्याचे पैसे आठवडेच्या आठवडे येत नसत. बायकोने हिशेबाची सगळी बाजू हातात घेतली. प्रत्येक दावा ती तपासू लागली आणि खरेदीच्या किमतीखाली पैसे मिळालेल्या औषधांची यादी ठेवू लागली. ती यादी अजून चालू आहे. ब्रँडच्या काही महागड्या औषधांवर आम्ही आजही तोटाच सोसतो. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने पीबीएमवर नियम घालणारा कायदा केला, त्याचा थोडाफार आधार वाटतो.

दुकान तगलं ते घरपोच औषधांवर, आठवड्याच्या गोळ्या दिवसावार भरून देण्याच्या कामावर आणि लसीकरणावर. २०२५ मध्ये चौकातलं दुकान बंद झालं तेव्हा तिथली बरीच म्हातारी माणसं आमच्याकडे आली. त्यांच्या फाइली मात्र दुसऱ्याच साखळीकडे गेल्या होत्या. प्रत्येकाची औषधं फोन करकरून मागवून घ्यावी लागली, डॉक्टरांकडून काही नव्याने लिहून आणावी लागली. त्या दुकानातली एक फार्मासिस्ट आता आमच्याकडे आहे. तिला पाहून लोकांना हायसं वाटतं.

निवृत्तीला आलेले मालक आणि घ्यायला कुणी नाही, अशी दुकानं इथे अजून आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या तरुण फार्मासिस्टांनी ती जरूर पाहावीत. मात्र विक्रीचे आकडे बघण्याआधी पीबीएमचे करार मागून घ्या, आणि जुने मालक काही महिने काउंटरवर थांबतील अशी अट लेखी घाला.