आकडे आले, अक्षरं गेली

रावेरकडे मामांची केळी आहे. त्यांच्या शेतकरी गटात सदतीस बागा, काही मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या), काही कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेल्या). लागणीची तारीख ज्याची त्याची, म्हणून ठिबकमधून सोडायच्या खताचा आठवड्याचा तक्ताही वेगळा. हे तक्ते मी इमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे नोंदी-तक्त्यांच्या सोयीत, ठेवतो. लागणीला किती दिवस झाले ते फाईलमधला लिस्प या (इमॅक्सच्या) भाषेतला छोटा कोड मोजतो. दर शनिवारी रात्री एकेक फाईल उघडायची आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-ई, एल, पी या कळा दाबून पीडीएफ काढायची. सदतीस वेळा. एकदा डुलकीत दोन बागा राहून गेल्या, तेव्हा ठरवलं, आता पुरे.

इमॅक्स खिडकी न उघडताही चालतो. बॅच पर्याय द्यायचा, फाईलचं नाव, मग एक्स्पोर्टचं फंक्शन. काम झालं की तो आपोआप बंद. स्क्रिप्ट लिहिली, चालवली. ‘हा कोड चालवू का?’ असं त्यानं विचारलं. एरवी कधी विचारत नसे, पण मी ‘यस’ म्हणून पुढं गेलो. पहिली पीडीएफ मामांना धाडली आणि लगेच फोन: “काय रे भो, आकडे तेवढे आले, अक्षरं कुठं गेली?”

बॅचमध्ये इमॅक्स आपली इनिट फाईल, म्हणजे सुरू होताना वाचायची माझी सेटिंग, वाचतच नाही. पीडीएफ बनवणारा, देवनागरी जाणणारा झीलाटेक हा प्रोग्राम आणि देवनागरी फॉन्ट मी तिथंच नेमले होते. ते न सापडल्यानं त्यानं मूळचा पीडीएफलाटेक वापरला, ज्याला देवनागरी येत नाही. चुकांवर न थांबता तो पुढं जातो, म्हणून नुसत्या अंकांचा कागद निघाला. ‘पीडीएफ चुकांसह तयार झाली’ असं टर्मिनलवर आलंही होतं, वाचतो कोण!

मग कामापुरती वेगळी सेटिंग फाईल केली आणि एल (लोड) पर्यायानं जोडली. तरी तेच! पर्याय लिहिलेल्या क्रमानं पाळले जातात आणि मी ती फाईल सगळ्यात शेवटी लिहिली होती. वरात निघून गेल्यावर घोडा आणल्यासारखं.

पुढच्या शनिवारी काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर, टाकलं. सकाळी एकही पीडीएफ नाही. तोच ‘चालवू का?’चा प्रश्न, आणि रात्री दोनला उत्तर द्यायला कोण बसलंय? ती विचारणा सेटिंगमध्ये बंद केली. आता फाईलमधला कोड न विचारता चालतो, म्हणून बाहेरून आलेली ऑर्ग फाईल मात्र या स्क्रिप्टमधून चालवत नाही. शिवाय क्रॉनचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, त्याला झीलाटेक सापडेना. पूर्ण पाथ दिला.

आता रविवारी पहाटे सदतीस पीडीएफ तयार असतात. पाठवतो अजून हातानंच. तिघांना तर छापलेला कागदच लागतो.